ॲसिटोनमध्ये इनॉल नक्की किती? एका आकड्याची पार्श्वभूमी
ॲसिटोनसारख्या संयुगांची एकमेकांत बदलत राहणारी दोन रूपं असतात: कीटो (C=O असलेलं कीटोन रूप) आणि इनॉल (हायड्रोजन सरकून C=C-OH झालेलं). यातलं इनॉल किती, या आकड्याची सुरुवात ॲसिटोनपासून नाहीच, एथिल ॲसिटोॲसिटेट या एस्टरपासून आहे. 1863 मध्ये ज्याने ते पहिल्यांदा बनवलं त्याने इनॉलचा फॉर्म्युला लिहिला, दोन वर्षांत इंग्लंडमधल्या दोघांनी कीटोनचा लिहिला, आणि मग कित्येक वर्षं नुसती भांडणं, कारण हे एस्टर फेरिक क्लोराईडला रंगही देतं (ही इनॉलची खूण) आणि फिनाईलहायड्रॅझिनशी रिॲक्शनही करतं (ही कीटोनची). 1911 मध्ये जर्मनीत उणे 78 डिग्रीला थंड करून दोन्ही रूपं वेगवेगळी काढून दाखवली, तेव्हा विषय मिटला.

पण त्याच सुमारास ब्रोमीन टायट्रेशन (मोजून ब्रोमीन घालत किती संपतं ते बघायची पद्धत) आलं आणि इनॉल 'मोजायची' सोय झाली. ब्रोमीन इनॉलवर झटकन जातं, कीटोवर नाही, त्यामुळे जेवढं ब्रोमीन संपलं तेवढं इनॉल, असा सरळ हिशोब. या एस्टरसाठी तो मस्त चालला, शुद्ध द्रवात 7-8 टक्के, हेक्झेनमध्ये 46 च्या आसपास, पाण्यात जेमतेम 0.4.

घोळ झाला तो ॲसिटोनचा. खरं तर 1904 मध्येच इंग्लंडमध्ये दिसलं होतं की ॲसिटोनच्या ब्रोमिनेशनचा वेग ब्रोमीन किती घातलंय यावर अवलंबून नसतो, म्हणजे इनॉल हळूहळू तयार होतं आणि झालं रे झालं की ब्रोमीन ते खाऊन टाकतं. म्हणजे एका वेळी असणारं इनॉल अगदीच नगण्य असणार. तरी टायट्रेशनचाच मार्ग ताणत नेला आणि 1947 मध्ये आकडा आला 0.00025 टक्के, म्हणजे अब्ज रेणूंमागे अडीच हजार. एवढ्या कमी प्रमाणात ॲसिटोनमधली किरकोळ अशुद्धीसुद्धा ब्रोमीन खाते आणि आपण ती इनॉलच्या खात्यात टाकतो, हा प्रश्न तेव्हाच जास्त जोरात विचारायला हवा होता असं माझं मत. पुस्तकांनी आकडा उचलला आणि पुढच्या पुस्तकांनी त्या पुस्तकांतून.

1980 च्या दशकात वेगळीच युक्ती केली. फ्लॅश फोटोलिसिसने, म्हणजे प्रकाशाच्या क्षणभराच्या झोताने, इनॉल एकदम तयार करायचं आणि ते परत कीटो व्हायला किती वेळ घेतं ते बघायचं. तो वेग आणि इनॉल बनण्याचा आधीच माहीत असलेला वेग, दोघांच्या गुणोत्तरातून समतोल स्थिरांक, म्हणजे कीटोच्या तुलनेत इनॉल किती ते, मिळतो, टायट्रेशनची गरजच नाही. पाण्यात उत्तर आलं अब्जामागे पाच-सहा रेणू. पाच-सहा हजार नाही, पाच-सहाच!

एंट्रन्सला 'इनॉलचं प्रमाण चढत्या क्रमाने लावा' एवढंच विचारतात, तिथे जुना आकडा घेतला तरी क्रम बदलत नाही, ज्यात इनॉल बरंच असतं ते ॲसिटिलॲसिटोन वरच राहतं. पण त्या आकड्यावरून कीटो-इनॉलमधला ऊर्जेचा फरक काढायला गेलात तर मोलमागे साधारण 15 किलोज्यूलने चुकाल.