दोन टक्के मतं, आणि निकाल दोन वेगळ्या दुनियेतले

1952 ची आपली पहिली लोकसभा निवडणूक. त्यात करपात्री महाराज या हिंदू संन्याशांनी 1948 साली काढलेला अखिल भारतीय रामराज्य परिषद नावाचा पक्ष उतरला होता. 61 उमेदवार उभे केले, देशभरात जवळपास 21 लाख मतं मिळाली म्हणजे साधारण 2 टक्के, आणि 489 पैकी खासदार आले 3. आता 2021 सालचं नेदरलँड्स घ्या. तिथे एसजीपी नावाचा कट्टर कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट पक्ष आहे, त्याला 2 लाख 15 हजार मतं पडली, टक्केवारी 2.07, आणि 150 पैकी 3 खासदार. दोन्हीकडे मतं 2 टक्के आणि खासदारही 3, पण तिकडचे 3 म्हणजे बरोबर 2 टक्के जागा, आणि आपल्याकडे त्याच हिशोबाने 9-10 यायला हव्या होत्या, आल्या 3. बाकीची मतं कुठे गेली? मला वाटतं छोट्या धार्मिक पक्षांबद्दल बोलताना आपण त्यांच्या विचारांवरच भांडत बसतो आणि मत मोजण्याच्या गणिताकडे बघतच नाही, आणि खरी मजा त्या गणितात आहे.

आपली पद्धत सगळ्यांना पाठ आहे, मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांच्या मतांचं काहीच होत नाही. अशा पद्धतीत छोट्या पक्षाला तारणारी एकच गोष्ट, ती म्हणजे मतदार एका जागी गोळा झालेले असणं. रामराज्य परिषदेच्या तिन्ही जागा राजस्थानातल्या होत्या, कारण तिथे जहागिरी जाणार म्हणून नाराज झालेला राजपूत वर्ग पक्षाच्या मागे उभा होता. बाकी 58 उमेदवारांची मतं देशभर शेतात बी फेकावं तशी विखुरली आणि उगवलं काहीच नाही.

विखुरलं की काय होतं याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ब्रिटनमधलं आहे. 1992 च्या निवडणुकीत तिथे नॅचरल लॉ पार्टी नावाचा पक्ष उतरला, महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाच्या चळवळीतून आलेला. ते स्वतःला धार्मिक म्हणवून घेत नव्हते पण मूळ एका आध्यात्मिक गुरूच्या शिकवणीतच होतं. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने त्यांच्यासाठी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम केला होता. 300 च्या वर उमेदवार उभे केले, सगळ्यांची मिळून मतं 62,888, म्हणजे एका उमेदवाराला सरासरी जेमतेम 200. तिथे डिपॉझिट 500 पौंड, आणि 5 टक्के मतं नाही मिळाली की ते जप्त, त्यामुळे दीड लाख पौंडांच्या वर पैसे गेले. (आपल्याकडे लोकसभेला 25 हजार भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे, आणि एकूण वैध मतांच्या सहाव्या भागाच्या वर गेलात तरच परत मिळतात, म्हणजे आपला नियम ब्रिटनपेक्षा बराच कडक आहे.)

आता डच लोक, म्हणजे नेदरलँड्सवाले, कसं करतात ते बघू. तिथे मतदारसंघाची भानगडच नाही, म्हणजे जागा वाटताना अख्खा देश हाच एक मतदारसंघ. एकूण मतांना 150 ने भागलं की एका जागेची किंमत निघते. 2021 ला ती साधारण 69,486 मतं आली. एसजीपीची मतं भागा, उत्तर 3.1 च्या आसपास, झाल्या 3 जागा. आणि जेवढ्या उरलेल्या जागा असतात त्या वाटायला एक सूत्र वापरतात, ते बेल्जियमच्या व्हिक्टर डोंट नावाच्या वकिलाने 1878 साली मांडलं.

सूत्र अगदी सोपं आहे, कागद घेऊन करून बघा. समजा तीन पक्ष आहेत, अ ला 600 मतं, ब ला 280, क ला 120. प्रत्येकाच्या मतांना 1, 2, 3, 4 असं भागत जायचं आणि जे आकडे येतील त्यातले सगळ्यात मोठे आकडे निवडायचे, जेवढ्या जागा तेवढे. अ चे आकडे 600, 300, 200, 150, 120, 100 असे उतरतात, ब चे 280, 140, 93, आणि क चा पहिलाच आकडा 120. जागा 5 असतील तर 600, 300, 280, 200, 150 हे पाच निवडले जातात, अ ला 4, ब ला 1, क ला भोपळा. पण त्याच मतांवर जागा 10 केल्या तर अ ला 6, ब ला 3 आणि क ला 1. बघा, एकाही माणसाने मत बदललं नाही, फक्त एकत्र वाटायच्या जागा वाढवल्या आणि 12 टक्केवाला पक्ष सभागृहात आला! म्हणून एका मतदारसंघात जागा किती हा प्रश्न छोट्या पक्षासाठी जीवनमरणाचा असतो. 1 असेल तर आपल्यासारखी पद्धत, 150 असतील तर नेदरलँड्स.

यात अजून एक गोष्ट येते, उंबरठा. म्हणजे एवढे टक्के नाही मिळाले तर वाटपात घ्यायचंच नाही. इस्रायलमध्येही अख्खा देश एकच मतदारसंघ आणि वाटपाचं सूत्रही हेच, पण तिथला उंबरठा आधी 1 टक्का होता, तो वाढवत वाढवत 2014 मध्ये 3.25 वर नेला. पुढच्याच वर्षी, 2015 ला, शास या धार्मिक पक्षातून बाहेर पडलेल्या एली यिशाय यांच्या यहाद पक्षाला सव्वा लाख मतं मिळाली, टक्केवारी 2.97. उंबरठ्याला पाव टक्क्याच्या थोडं वर कमी पडलं आणि जागा शून्य, ओलांडला असता तर 4 च्या आसपास. पाणी 99 अंशाला असताना नुसतं गरम असतं आणि 100 ला उकळतं तसंच हे, मधली पायरीच नाही. आणि आपली एसजीपी इस्रायलमध्ये असती तर 2.07 टक्क्यांवर ती कधीच आत आली नसती.

हा झाला गणिताचा सरळ परिणाम. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी 1951 मध्ये दाखवून दिलं की याच्या मागून दुसरा, मनावरचा परिणाम येतो. मतदार बघतो की आपला उमेदवार काही येत नाही, मग मत वाया कशाला घालवायचं म्हणून तो मोठ्या पक्षाकडे वळतो, आणि छोटा पक्ष अजून छोटा होतो. आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत शेवटच्या दोन दिवसात हेच ऐकू येतं, "अरे तो येणार नाहीये, मत फुकट जाईल".

एसजीपीचा मतदार मात्र तसा वळत नाही, आणि मला तरी हा या सगळ्यातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग वाटतो. 2012, 2017, 2021, 2023, प्रत्येक वेळी साधारण 2 टक्के आणि 3 जागा, जणू कुणी मोजून ठेवलंय. कारण एक तर मत वाया जाण्याची भीतीच नाही. दुसरं म्हणजे हा मतदार ज्या पट्ट्यात राहतो त्याला तिकडे बायबल पट्टाच म्हणतात, नैऋत्येच्या झीलंडपासून तिरका वर ओव्हराइसेलपर्यंत. त्यात टोलेन, स्टापहॉर्स्ट, उर्क अशी गावं येतात, आणि मच्छीमारांच्या उर्कमध्ये 2021 ला हाच सगळ्यात मोठा पक्ष ठरला. यांची चर्च वेगळी, शाळा वेगळ्या, दैनिक वेगळं, पक्षाची वेबसाइट सुद्धा रविवारी बंद. मूल वाढतं तेच या वातावरणात, त्यामुळे मत हे निवड कमी आणि घराण्याची रीत जास्त.

रीत म्हटली की तिची दुसरी बाजूही आली. हा पक्ष स्त्रियांना उमेदवारीच देत नव्हता, आणि मला ते चूकच वाटतं, धर्माच्या नावाने झालं म्हणून ते बरोबर होत नाही. प्रकरण कोर्टात गेलं, 2010 मध्ये डच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारला हे चालू देता येणार नाही, पक्ष युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेला आणि 2012 ला तिथेही काही हाती लागलं नाही. 2013 मध्ये पक्षाने अट काढली, आणि मार्च 2014 ला फ्लिसिंगन शहराच्या नगरपरिषदेत लिलियन यान्से एसजीपीच्या पहिल्या निवडून आलेल्या स्त्री सदस्य झाल्या.

दार एवढं उघडं ठेवलं तरी सगळेच आत येतात असं नाही बरं का. 2021 ला तिथे 37 पक्ष लढले, 17 आत आले. येजुस लेफ्ट म्हणजे "येशू जिवंत आहे" नावाचा एक पक्षही होता, मतं साधारण 5 हजार, म्हणजे एका जागेच्या किमतीच्या चौदाव्या भागाच्या आसपास. आणि नव्या पक्षाला 11,250 युरो अनामत भरावी लागते, एका जागेच्या किमतीच्या पाऊण मतं मिळाली तरच परत. नाव मतपत्रिकेवर यावं, चार लोकांनी ते वाचावं, एवढ्यासाठी लोक हे पैसे घालतात, आणि जिंकणं हाच उमेदवारीचा एकमेव हेतू धरला तर अशी माणसं आपल्याला कधी कळणार नाहीत.

लोक विचारतात, एवढ्या छोट्या पक्षांना आत घेऊन करायचं काय, ते सरकारं पाडतील की. पडलंय, आणि याच पक्षामुळे. एसजीपी 1918 ची, त्या वर्षी एकही जागा नाही, 1922 ला पहिली जागा पक्षाचे संस्थापक पाद्री केर्स्टन यांची. नोव्हेंबर 1925 मध्ये बजेटवर चर्चा चालू असताना केर्स्टननी दुरुस्ती मांडली की व्हॅटिकनमधल्या डच वकिलातीचे पैसे काढून टाका, कारण त्यांच्या मते प्रोटेस्टंट देशाला पोपकडे दूत ठेवायचं कारण नाही. सरकार कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पक्षांचं मिळून होतं, त्यातल्याच एका प्रोटेस्टंट पक्षाने दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं, विरोधकही तिकडेच गेले, दुरुस्ती पास झाली आणि कॅथलिक मंत्र्यांनी राजीनामे दिले. नवीन सरकार यायला मार्च 1926 उजाडला. डच इतिहासात त्या रात्रीला "केर्स्टनची रात्र" असंच नाव पडलंय, आणि तेव्हा 100 जणांच्या सभागृहात केर्स्टनच्या पक्षाचे खासदार होते 2, मतं होती 2 टक्के.