बोटीवरून घरी आल्यावर: दीर्घ संयमाने शुक्राणूंचं काय होतं?

कोकणातले, गोव्यातले अनेक पुरुष सहा-सात महिने बोटीवर असतात आणि मग दीड-दोन महिन्यांसाठी घरी येतात. आखातात कामाला गेलेल्यांना तर वर्षातून एखादीच लांब सुट्टी मिळते. याच सुट्टीत दिवस राहावेत अशी जोडप्याची इच्छा असते आणि तिथे एक समज हमखास आडवा येतो: इतके महिने ‘साठलंय’, म्हणजे आता बीज कसदार असणार. प्रत्यक्षात साठ्यातलं बीज शिळं होत जातं.

इथे संयम म्हणजे वीर्यस्खलनच न होणं. हस्तमैथुन झालं किंवा झोपेत स्खलन झालं, की दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून.

वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात. स्खलन होवो न होवो, हे काम रोज चालूच राहतं. संयमाने वृषणं आक्रसत नाहीत की उत्पादन बंद पडत नाही. तयार शुक्राणू वृषणामागे गुंडाळलेल्या, उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल अशा अधिवृषण नावाच्या नळीत उतरतात, काही दिवसांत तिथे पोहायला शिकतात आणि तिच्या शेवटच्या भागात थांबून राहतात. या जागेला मर्यादा आहे. जुने शुक्राणू मरतात, तुटतात, शरीरात शोषले जातात, काही लघवीवाटे निघून जातात. नसबंदीनंतरही शुक्राणू असेच जिरतात, त्यामुळे ‘आत तुंबून आजार होईल’ ही भीती निराधार आहे.

शिळेपणा येतो तो मुख्यतः ऑक्सिडीकरणामुळे, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या रसायनांनी होणाऱ्या झिजेमुळे. शुक्राणूत पेशीद्रव जवळजवळ नसतं, त्यामुळे बचावाची रसायनंही तुटपुंजी. त्याच्या आवरणातली मेदाम्लं चटकन ऑक्सिडाइज होतात, आणि डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्याची दुरुस्ती तिथे होऊ शकत नाही. जितके दिवस मुक्काम, तितकी मोडतोड जास्त.

म्हणून दीर्घ संयमानंतरचा नमुना फसवा असतो. वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची संख्या जास्त दिसते, पण हलणाऱ्यांचं नि जिवंत असलेल्यांचं प्रमाण घटलेलं असतं. २००५ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी ९,४८९ नमुने तपासले. ज्यांच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या मुळात कमी होती, त्यांच्यात शुक्राणूंची हालचाल एका दिवसाच्या अंतरानंतर सर्वांत चांगली आढळली. २००९ मध्ये सिडनीतल्या डॉ. डेव्हिड ग्रीनिंग यांनी डीएनएची मोडतोड जास्त असलेल्या ११८ पुरुषांना सात दिवस रोज स्खलन करायला सांगितलं. ८१ टक्क्यांत मोडतोड कमी झाली. उरलेल्यांत ती वाढली, हेही नोंदवायला हवं.

घरी आल्यावर करायचं ते सोपं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत, बीजांड सुटण्याची वाट न पाहता, दोन-तीनदा स्खलन होऊ द्यावं; जुना साठा निघून जातो. त्यानंतर गर्भधारणेच्या दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड संबंध ठेवावेत. हे दिवस म्हणजे बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाळी २८ दिवसांची असेल, तर पहिल्या दिवसापासून मोजून साधारण नववा ते चौदावा. पाळी अनियमित असेल तर बीजांड कधी सुटणार ते लघवीवरून सांगणारं ओव्ह्युलेशन किट वापरावं. नेमक्या दिवसासाठी आठवडाभर ‘राखून ठेवणं’ हा या जोडप्यांचा सर्वांत महागात पडणारा उपाय.

वीर्यतपासणीतही हाच घोळ होतो. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नमुना दिला जातो, हालचाल कमी येते आणि गोळ्या सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीपूर्वी २ ते ७ दिवसांचं अंतर सांगितलंय. म्हणजे आधी जुना साठा काढावा, मग तीनेक दिवस थांबून नमुना द्यावा. तो पूर्ण डबीत यायला हवा, कारण पहिल्या थेंबांतच सर्वाधिक शुक्राणू असतात. साधा निरोध, तेल, थुंकी वापरू नये. नमुना घरून न्यायचा असेल तर अंगाशी धरून, शक्यतो अर्ध्या तासात पोचवावा. फ्रीजमध्ये ठेवू नये. अहवाल खराब आला तर आधी तितक्याच दिवसांचा संयम ठेवून पुन्हा तपासावं. इंजिन रूमची उष्णता किंवा मधे येऊन गेलेला मोठा ताप यांचा परिणाम दोन-तीन महिने रेंगाळतो. त्याचं खापर संयमावर फोडू नये.

आता ताकदीबद्दल. वीर्यात शुक्राणूंचा वाटा १ ते ५ टक्केच, बाकी वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव. तो गेल्याने अशक्तपणा येतो या धास्तीलाच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. महिनोन्महिने संयम पाळल्याने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढत जातं, याला भक्कम पुरावा नाही. ताठरताही जात नाही, कारण झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ती आपोआप येतेच. प्रोस्टेटबाबत मात्र एक मोठी पाहणी आहे: अमेरिकेतल्या ३१,९२५ पुरुषांत महिन्याला २१ किंवा अधिक स्खलनं सांगणाऱ्यांना, ४ ते ७ सांगणाऱ्यांपेक्षा, प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका सुमारे एक पंचमांश कमी दिसला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यावरून ब्रह्मचाऱ्यांना घाबरवायचं कारण नाही. इच्छाच उरली नसेल, तर मात्र तो संयम नव्हे. सकाळी टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून घ्यावी.

सुट्टी वारंवार हुकत असेल तर निघण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवता येतं, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. गोठवून वितळवताना बरेच शुक्राणू मरतात, म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्यावेत. दोघांच्या लेखी संमत्या त्याच फेरीत आटोपून घ्याव्यात, म्हणजे तो समुद्रावर असतानाही पत्नीचे उपचार थांबत नाहीत.