मीलवर्म आणि सुपरवर्म: दिसायला भावंडं, वाढवायला दोन वेगळे जीव

मीलवर्म आणि सुपरवर्म या शॅमेलिऑनला (रंग बदलणाऱ्या सरड्याला) खाऊ घालायच्या अळ्या. मीलवर्मचा डबा फ्रिजमध्ये ठेवला तर महिनाभर सहज टिकतो. त्याच्याच शेजारी सुपरवर्मचा डबा ठेवला तर दोन-तीन दिवसांत अळ्या काळ्या पडून मरतात आणि डब्याला घाण वास सुटतो. शॅमेलिऑन नव्याने पाळणाऱ्याचं पहिलं नुकसान बरेचदा हेच असतं. दुकानात दोन्ही अळ्या सारख्याच कोंड्यात, शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात, आणि ‘ही लहान, ती मोठी’ एवढंच सांगून हातात दिल्या जातात.

दोन्ही एकाच कुळातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या आहेत, पण जाती वेगळ्या. मीलवर्म म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर, साठवलेल्या धान्यात आणि पिठात होणारी कीड. थंड हवामानात तग धरणं तिच्या अंगातच आहे. सुपरवर्म झोफोबास या प्रजातीचा, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातला. कुजलेलं लाकूड, वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग अशा उबदार जागी तो वाढतो. थंडी त्याने कधी पाहिलेलीच नसते, म्हणून फ्रिज त्याला मारतो.

ओळखायचं कसं? पूर्ण वाढलेला मीलवर्म अडीच-तीन सेंटिमीटरचा, एकसारखा पिवळसर तपकिरी. सुपरवर्म पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याचं डोकं आणि शेपटाकडचं टोक काळपट असतं आणि अंगावर गडद आडवे पट्टे दिसतात. बोटांत धरला की तो जोरात वळवळतो आणि चावायला बघतो. घोळ होतो तो ‘जायंट मीलवर्म’मुळे. हा सुपरवर्म नव्हे. साध्या मीलवर्मला कीटकांच्या वाढीचं संप्रेरक देऊन कोषात जाण्यापासून रोखलेलं असतं, म्हणून तो फुगत राहतो. अशा अळ्यांपासून पैदास करायच्या भानगडीत पडू नका. त्या एक तर कोषात जात नाहीत, किंवा गेल्या तरी त्यांतून धड भुंगेरे निघत नाहीत.

मीलवर्म वाढवणं सोपं आहे. उथळ प्लास्टिकचा डबा घ्यावा, झाकणाला बारीक जाळी लावावी आणि आत पाच ते सात सेंटिमीटर गव्हाचा कोंडा पसरावा. थोडे ओट्स मिसळले तर उत्तम. कोंडा आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून काढला तर त्यातले मूळचे किडे मरतात. पाणी वेगळं ठेवायचं नाही. गाजराच्या किंवा बटाट्याच्या चकत्या पुरतात. त्या एक-दोन दिवसांत बदलाव्यात, कारण ओल राहिली की कोंड्याला बुरशी येते आणि माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) होतात. डब्याच्या कडेला पिठासारखी, हलणारी भुकटी दिसली तर ते माइटच समजा. मग अळ्या चाळून कोरड्या कोंड्यात हलवण्याशिवाय इलाज नाही.

२५ ते २८ अंश तापमानात अळ्या गर्दीतच कोष करतात. कोष मात्र रोज उचलून वेगळे ठेवावे लागतात, कारण अळ्या आणि भुंगेरे दोन्ही त्यांना कुरतडतात. एक-दोन आठवड्यांत भुंगेरा बाहेर येतो, आधी पांढरट, मग तांबूस, शेवटी काळा. भुंगेरे दर दोन आठवड्यांनी नव्या कोंड्यात हलवा आणि जुना कोंडा तसाच ठेवा. अंडी त्यातच असतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या सुरुवातीला दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या असतात. डोळ्यांना दिसायला काही आठवडे लागतात. घाईने तो कोंडा फेकून देणं ही नेहमीची चूक.

सुपरवर्मला हीच पद्धत लावली तर काहीच होत नाही. महिनोन्‌महिने अळ्या तशाच राहतात, मोठ्या होतात, एकमेकांना चावतात आणि मरतात. सुपरवर्म गर्दीत असेपर्यंत कोषात जातच नाही. सतत इतर अळ्यांचा स्पर्श होत राहिला की कोषाची प्रक्रिया थांबून राहते. यात त्याचा फायदाही आहे: कोष हलू शकत नाही, आणि गर्दीत तो शेजाऱ्यांचं भक्ष्य होतो.

म्हणून त्याला एकटं ठेवायचं. स्क्रू-बटणं ठेवायचा कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा यासाठी छान चालतो. प्रत्येक कप्प्याला सुईने दोन भोकं पाडा, पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेली एकेक अळी एकेका कप्प्यात टाका. कोंडा नको, खाणं नको. डबा अंधारात, २६ ते २८ अंशांच्या आसपास ठेवा. पहिले काही दिवस अळी कप्प्यात फेऱ्या मारते. मग शांत होते आणि इंग्रजी ‘सी’सारखी वळून पडते. इथे अनेकजण ती मेली समजून टाकून देतात. नीट पाहा: जिवंत अळी पिवळसर, ताठ असते आणि काडीने स्पर्श केला की पोट हलवते, मेलेली काळी, लिबलिबीत आणि वास येणारी असते. एक ते दोन आठवड्यांत पांढरा कोष तयार होतो, डोळ्यांच्या आणि पायांच्या जागा गडद होऊ लागल्या की भुंगेरा निघायला थोडेच दिवस उरलेले असतात. तीस अळ्या ठेवल्या तर काही वाया जाणार हे धरूनच चाला.

पुढचं बरंचसं मीलवर्मसारखंच. फक्त भुंगेरे मोठे आणि जास्त काळ जगणारे असतात, डिवचले तर घाण वासाचा द्राव सोडतात. ते फटींत अंडी घालतात, त्यामुळे कोंड्यात अंड्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे ठेवावेत. डबा थर्मोकोलचा नको. दोन्ही अळ्या थर्मोकोल कुरतडून खातात. २०१५ साली मीलवर्मवर आणि २०२२ साली ऑस्ट्रेलियात सुपरवर्मवर झालेल्या संशोधनात हेच दिसलं. थर्मोकोल खाल्लेली अळी शॅमेलिऑनला घालू नये.

हिवाळ्यात पुण्या-नाशकाकडे रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, तेव्हा सुपरवर्मचा डबा खिडकीपाशी ठेवू नका. मीलवर्मला ते चालतं. फ्रिजमध्ये त्याला सात ते दहा अंशांवर ठेवायचं, आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजर खाऊ द्यायचं आणि पुन्हा आत.

आता खाऊ घालण्याचं. ताज्या वजनावर दोन्हींत प्रथिनं साधारण १९ ते २० टक्के. चरबी मीलवर्ममध्ये १३ टक्क्यांच्या आसपास, सुपरवर्ममध्ये १७-१८. म्हणजे मोठा असला तरी सुपरवर्म जास्त ‘पौष्टिक’ नाही, जास्त चरबीचा आहे. खरी अडचण कॅल्शियमची. दोन्हींत फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त असतो, आणि शॅमेलिऑनला याच्या उलट, कॅल्शियम जास्त लागतं. नुसत्या अळ्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, जीभ नीट सुटत नाही. म्हणून दोन्ही अळ्या फक्त तोंडी लावण्यापुरत्या द्यायच्या. रोजचं मुख्य खाणं झुरळांच्या पाळीव जाती किंवा रातकिडे असावं. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड शॅमेलिऑनला (ही पाळली जाणारी एक परदेशी जात) आठवड्यातून तीन-चार मीलवर्म किंवा एक-दोन सुपरवर्म पुरे. कॅल्शियमच हवं असेल तर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी या दोघींपेक्षा कितीतरी चांगली. तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त असतं.

देण्याआधी अळ्यांना २४ ते ४८ तास चांगलं खाऊ घाला. शेवग्याचा पाला यासाठी उत्तम, कॅल्शियमने भरलेला. परदेशात तो मिळाला नाही तर कॉलर्ड (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा मोहरीची पानं. पालक नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. खास कॅल्शियमयुक्त तयार खाद्य दिलंत तर दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, त्यावर अळ्याच मरू लागतात. मग फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम पूड लावायची. अळ्यांचं अंग गुळगुळीत असल्याने पूड टिकत नाही, म्हणून लावल्या लावल्या द्या.

आकाराचा नियम सोपा: अळीची जाडी शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. त्यामुळे पिल्लांना सुपरवर्म द्यायचाच नाही. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी मिळाली तर ती आधी द्या, तिचं कवच मऊ असतं. गिळलेली अळी पोट पोखरून बाहेर येते, हा समज मात्र खोटा आहे. त्यासाठी अळीचं डोकं ठेचायची गरज नाही, उलट हालचाल थांबली की शॅमेलिऑन तिच्याकडे बघतही नाही.

अळ्या गुळगुळीत कडांच्या, अपारदर्शक वाटीत द्या, वाटीत कोंडा नको. कोंड्यात त्या दडून बसतात. तासाभराने उरलेल्या काढून घ्या. निसटलेला सुपरवर्म कुंडीच्या मातीत शिरतो आणि तिथे तो एकटा असतो, त्यामुळे पिंजऱ्यातच कोषात जातो.

आणि हे सगळं परवान्याने आणलेल्या परदेशी शॅमेलिऑनसाठी. आपल्याकडच्या रानात दिसणारा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी तो विकायला आणला तर विकत न घेता वनखात्याला कळवा.