व्हेटकडे गप्प बसलेलं मांजर: शांत आहे की थिजलंय?

"आमची माऊ ना डॉक्टरांकडे एकदम शहाण्यासारखी वागते, एक आवाज काढत नाही हो." हे मांजरवाल्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता मी लगेच विचारते, कान कसे होते तिचे? शेपूट कुठे होती? कारण शांत मांजर आणि भीतीने थिजलेलं मांजर टेबलावर लांबून अगदी सेम दिसतात, दोन्ही हलत नाहीत, दोन्ही ओरडत नाहीत, पण आत चाललेलं असतं पार उलटं.

घाबरलं की मांजर एकतर पळतं नाहीतर पंजा मारतं हे सगळ्यांना माहितीये. तिसरा प्रकार म्हणजे थिजणं, पळायला जागाच नाही म्हटल्यावर अंगाचं मुटकुळं करून आहे तिथे चिकटून राहायचं. व्हायवाला आत गेलेलं पोर गप्प असतं म्हणून काय निवांत असतं का, तसंच.

आता फरक कसा ओळखायचा. शांत मांजराचं अंग सैल असतं, दार वाजलं की एक कान तिकडे वळतो, ते टेबल हुंगतं, इकडेतिकडे बघतं, मधूनच डोळे सावकाश मिटतं, एखादं तर बिनधास्त पाय पसरून बसतं. थिजलेल्याचे चारही पाय पोटाखाली, शेपूट अंगाला घट्ट, कान आडवे पडलेले, आणि खोलीत चांगला लख्ख ट्यूबलाइट असूनही डोळ्यातली बाहुली एवढी मोठी की डोळा काळाच दिसतो. श्वास भरभर चालतो, पापणी लवत नाही, मधेच उगाच ओठ चाटतं. आणि अजून एक, त्याला उचललं की टेबल बघा. स्टीलवर पंज्यांचे ओले ठसे उमटलेले असतात, कारण मांजराला घाम येतो तो तळपायांना, आणि भीतीने जास्तच येतो. शिवाय भसाभस केस गळालेले असतात ते वेगळंच.

गुरगुर ऐकून फसू नका. मांजर दुखत असताना आणि घाबरलेलं असतानाही गुरगुरतं, त्यामुळे नुसत्या गुरगुरीवरून काहीच ठरत नाही, त्यापेक्षा खाऊ पुढे करून बघा (त्या दिवशी उपाशी ठेवायला सांगितलं नसेल तरच). शांत मांजर निदान हुंगतं तरी, थिजलेलं आवडत्या क्रीमी ट्रीटकडेसुद्धा ढुंकून बघत नाही. आणि तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धाप लागली असेल तर ते नुसतं घाबरणं म्हणून सोडून देऊ नका, तिथल्या तिथे डॉक्टरांना दाखवा.

बरं, गप्प आहे ना, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते तपासणीत. भीतीमुळे मांजराची रक्तातली साखर चांगलीच वर जाते, डायबेटिस नसतानाही, म्हणून मग डॉक्टरांना फ्रुक्टोसामिनची (म्हणजे मागच्या काही दिवसांतली सरासरी साखर सांगणारी) वेगळी टेस्ट करून खात्री करावी लागते. बीपी वाढलेलं येतं, पोट दाबलं तर ते दगडासारखं कडक, म्हणजे खरंच कुठे दुखतंय का ते कळतच नाही. आणि थिजलेलं मांजर कायम थिजूनच राहील याची काही गॅरंटी नाही, "आजपर्यंत कधी कोणाला चावलं नाही हो" म्हणणाऱ्यांचं मांजर बऱ्याचदा असलंच असतं.

मानगूट धरली की मांजर शांत होतं हाही त्यातलाच गैरसमज. पिल्लाला आई मानेला धरून नेते तेव्हा ते लुळं पडतं हे खरं, पण मोठं मांजर तसं धरल्यावर हलत नाही ते बहुतेक वेळा घाबरून. मांजरांच्या व्हेट लोकांच्या ज्या दोन मोठ्या संघटना आहेत, अमेरिकेतली एएएफपी (आता तिचं नाव फेलाइनव्हीएमए) आणि आंतरराष्ट्रीय आयएसएफएम, त्यांच्या 2022 च्या गाइडलाइन्समध्येही असं धरू नका असंच आहे.

औषधांमध्येही हाच घोळ! एसप्रोमाझिन नावाचं जुनं औषध मांजराला सुस्त करतं पण त्याने भीती फारशी कमी होत नाही, म्हणजे अंग ढिम्म आणि डोकं घाबरलेलंच, थोडक्यात आपण गोळी देऊन थिजवलं. गॅबापेंटिन वेगळं, ते भीतीच कमी करतं, साधारण दोनतीन तास आधी देतात, मांजर थोडं झोकांड्या खातं. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो, म्हणून घरातल्या माणसाच्या पाकिटातली गोळी अंदाजाने तोडून देणं हा शुद्ध वेडेपणा आहे. प्रवास आणि व्हेटची भीती एवढ्यासाठीच मांजरांचं प्रीगॅबालिन हे औषध अमेरिकेत एफडीएने 2023 मध्ये मंजूर केलंय.

मांजर खरंच शांत असेल तर फार काही करू नका, कॅरिअर (मांजर न्यायची पेटी) घरात कायम उघडं पडू द्या, आत त्याची रोजची चादर, बस्स. थिजणाऱ्याला मात्र लपायला जागा लागते. लपणं आणि थिजणं एक नाही, लपायला मिळालं की ताण उतरतो, नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या संशोधकांनी 2014 मध्ये शेल्टरमधल्या मांजरांना नुसते खोके देऊन हे दाखवलंय. म्हणून भाजीच्या पिशवीत कोंबून नेण्यापेक्षा वरचं झाकण निघणारं कॅरिअर घ्या, वरून टॉवेल टाका, रिक्षात हँडलला लटकवून न नेता मांडीवर दोन्ही हातांनी धरा, दवाखान्यात कुत्र्यांच्या नाकासमोर जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा. आत गेल्यावर ओढून काढायचं नाही, झाकण काढा आणि खालच्या भागातच बसलेलं राहू दे, डोक्यावर टॉवेल असला तरी लस, ताप, पोट सगळं तपासून होतं. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगून ठेवा की आमचं मांजर गप्प बसतं पण घाबरतं, म्हणजे गर्दी नसलेली वेळ देता येते आणि गोळी लागणार असेल तर तिचा डोस आधी एकदा घरीच देऊन बघता येतो.