रुरिक : मूळ पुरुष नेमका कोणाचा?

रुरिक म्हणजे रुसच्या, आज रशिया आणि युक्रेन दोघेही ज्याचा वारसा सांगतात त्या मध्ययुगीन राज्याच्या, राजघराण्याचा मूळ पुरुष मानला जाणारा सरदार. त्याचे नाव निघाले की पाठोपाठ तो राज्य करायला आला ते ८६२ हे साल येते. हे साल ज्या इतिवृत्तातून आले, ते कीव्हच्या मठात १११० च्या दशकात सिद्ध झाले. म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी. बखरी वाचणाऱ्या मराठी माणसाला या अंतराचा अर्थ वेगळा सांगायला नको. हकिगत अशी, की उत्तरेकडच्या स्लाव आणि फिनिक टोळ्यांनी वरांगियनांना, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लढवय्या-व्यापाऱ्यांना, समुद्रापार हाकलले, मग त्या आपसांत भांडू लागल्या आणि शेवटी त्यांनीच निरोप धाडला: ‘आमची भूमी मोठी आणि संपन्न आहे, पण तिची घडी नाही, या आणि आमच्यावर राज्य करा.’ तीन भाऊ आले. दोघे दोन वर्षांत वारले, रुरिक उरला.

पुढची वंशावळ मात्र गणितात बसत नाही. रुरिक ८७९ मध्ये वारला तेव्हा मुलगा इगोर तान्हा होता, असे इतिवृत्त म्हणते. तोच इगोर ९४५ मध्ये मारला गेला. त्याचे लग्न ९०३ च्या नोंदीत आहे आणि त्याचा मुलगा ९४६ मध्ये एवढा लहान, की त्याने फेकलेला भाला घोड्याच्या पायाशीच पडतो. एक-दोन पिढ्या मधून गळाल्या असाव्यात, किंवा दोन वेगळी माणसे बापलेक म्हणून जोडली गेली असावीत. अकराव्या शतकाच्या मध्याला कीव्हच्या धर्माध्यक्षाने राजघराण्याची थोरवी गायली, तेव्हा त्याने सुरुवात ‘वृद्ध इगोर’पासून केली. त्यात रुरिक नाही. राजपुत्रांना रुरिक हे नाव ठेवल्याचे दाखलेही त्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच मिळतात. या नावाचा एखादा सरदार उत्तरेत होऊन गेला असेल, हे मला पटते. पण तो घराण्याचा मूळ पुरुष झाला तो नंतर, भाऊबंद गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि सर्वांना मान्य होईल असा एक पूर्वज हवा होता तेव्हा.

खरा गुंता ‘रुस’ या शब्दाचा आहे. इतिवृत्त सांगते, की हे वरांगियन स्वतःला रुस म्हणवत आणि त्यांच्यावरून देशाला नाव पडले. या शब्दाचा सर्वांत जुना भक्कम उल्लेख मात्र रुरिकच्याही आधीचा, ८३९ चा आहे. बायझंटाईन सम्राटाच्या वकिलातीबरोबर काही माणसे फ्रँकांच्या दरबारात आली. त्यांनी आपले लोक ‘र्‍होस’ असल्याचे सांगितले. चौकशीत ते स्वीडिश निघाले. त्यांच्या राजाची पदवी मात्र ‘खाकान’, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या तुर्की परंपरेतली! फिनिश भाषेत आजही स्वीडनला ‘रुओत्सी’ म्हणतात, आणि बहुतेक भाषातज्ज्ञ त्याचे मूळ वल्हवण्याशी संबंधित जुन्या नॉर्स शब्दात शोधतात. दहाव्या शतकाच्या मध्यात बायझंटाईन सम्राटाने द्नेपर नदीतल्या धबधब्यांची नावे ‘रुस’ आणि ‘स्लाव’ अशी दोन भाषांत वेगवेगळी नोंदवली. त्यांपैकी ‘आइफोर’ हे रुस नाव गोटलँड बेटावरच्या एका शिलालेखातही कोरलेले आहे. रुस हे नाव स्थानिक स्लावच मानणारा विरोधी पक्ष कीव्हच्या दक्षिणेकडच्या रोस नदीकडे बोट दाखवतो. पुरावा मला स्कँडिनेव्हियन मुळाच्या बाजूला स्पष्टपणे जड वाटतो. पण त्यातून सिद्ध काय होते? रुस ही आधी वल्हे मारणाऱ्या, व्यापार आणि लूट करणाऱ्या मंडळींची ओळख होती. मग ती राज्यकर्त्या थराची झाली, नंतर भूमीची आणि शेवटी त्या भूमीवर स्लाव भाषा बोलणाऱ्या सगळ्यांची. शब्द एकच राहिला, अर्थ तीनदा बदलला. भांडणारे दोन्ही पक्ष मात्र त्यातला एकच अर्थ धरून बसतात.

भांडण पेटले १७४९ मध्ये. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतल्या एका जर्मन इतिहासकाराने रुसचे मूळ स्कँडिनेव्हियात असल्याचे भाषण तयार केले. स्वीडनशी युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. अकादमीतलाच एक रशियन रसायनशास्त्रज्ञ-कवी खवळला. भाषण थांबवले गेले, छापील प्रती नष्ट करण्यात आल्या आणि इतिहासकाराची पदावनती झाली. निरोपातल्या ‘घडी नाही’ या शब्दांनीही खूप माणसे दुखावली. मूळ शब्द ‘नर्याद’. काही उत्तरकालीन प्रतींत तो ‘नर्यादनिक’, म्हणजे घडी बसवणारा, असा होतो. मग टोळ्या अनागोंदीत राहत नव्हत्या, त्यांना फक्त कारभारी हवा होता. तीन-चार अक्षरांनी सगळा सूर पालटतो.

त्यानंतर प्रत्येक राजवटीने रुरिकला आपल्या कामाला लावले. १८६२ मध्ये झारने नोव्हगोरोदमध्ये रशियाच्या सहस्राब्दीचे भव्य स्मारक उभारले. मॉस्कोच्या गादीवरची रुरिक घराण्याची शाखा १५९८ मध्येच खुंटली होती आणि झार स्वतः दुसऱ्या घराण्याचा होता, तरी आरंभ रुरिकपासूनच धरला गेला. विसाव्या शतकात नाझी प्रचाराने याच कथेवरून स्लावांना राज्य चालवता येत नाही असा निष्कर्ष काढला. सोव्हिएत उत्तर होते, की राज्य आतूनच घडले, बाहेरच्यांचा वाटा नगण्य. युद्धानंतर तर उलट मत मांडणे धोक्याचे झाले. १९६५ मध्ये लेनिनग्राड विद्यापीठात यावर खुली चर्चा झाली, ती पुरातत्त्वज्ञांच्या तरुण पिढीमुळे. उत्खननात तोवर स्कँडिनेव्हियन वस्तू निघत होत्याच. रुरिकशी जोडल्या जाणाऱ्या उत्तरेकडच्या दोन ठिकाणांपैकी लाडोगातली सर्वांत जुनी लाकडे ७५० च्या दशकात तोडलेली आहेत, तर आजच्या नोव्हगोरोद शहराखालचे थर दहाव्या शतकाच्या मागे फारसे जात नाहीत. नवव्या शतकातली वस्ती तिथून दोनेक किलोमीटरवर, ‘रुरिकची गढी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडावर सापडते.

२०१२ मध्ये रशियाने आपल्या राज्यसंस्थेची ११५० वर्षे सरकारी इतमामात साजरी केली. कीव्हमध्ये अर्थातच हा हिशेब मान्य नाही. रुस हे नाव आणि वारसा द्नेपरकाठचा आहे, मॉस्कोने तो उचलला, असे तिथे ठामपणे मांडले जाते, आणि २०२२ च्या आक्रमणानंतर हे मत मांडणाऱ्यांचा आवाज आणखी चढला आहे. इतिवृत्ताच्या प्रतींचे मात्र रुरिक आधी कुठे उतरला यावरही एकमत नाही: काहींत लाडोगा आहे, काहींत नोव्हगोरोद.