अमेरिकी विक्री साखळ्यांसाठी ईडीआय जोडणी

ईडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज. ऑर्डर, माल निघाल्याची सूचना, बिल ही कागदपत्रे दोन कंपन्यांच्या संगणकांनी ठरलेल्या साच्यात परस्पर पाठवायची, ही ती पद्धत. वॉलमार्ट, टार्गेट यांसारख्या अमेरिकी साखळ्या नव्या पुरवठादाराला व्यवहाराच्या अटींतच ती घालतात. साचा एक्स१२ या अमेरिकी मानक समितीचा असतो. ही समिती १९७९ साली स्थापन झाली. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी एडिफॅक्ट हा साचा चालतो.

एक्स१२ मध्ये प्रत्येक कागदाला क्रमांक आहे. ८५० ही ऑर्डर, ८६० ऑर्डरमधला बदल, ८५५ स्वीकृती, ८५६ पाठवणीची पूर्वसूचना म्हणजे एएसएन, ८१० बिल, ८२० पैसे चुकते केल्याचा तपशील आणि ९९७ पोच. ९९७ वर नवखे पुरवठादार फार विसंबतात. ती फक्त साचा बरोबर असल्याचे सांगते. भाव किंवा नग चुकीचे असले तरी ती ‘स्वीकृत’ अशीच येते.

तयारीची सुरुवात बारकोडपासून होते. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ संस्थेकडून कंपनीचा उपसर्ग, म्हणजे क्रमांकाचे सुरुवातीचे अंक, घ्यावा लागतो. सोलापूरहून टॉवेल निर्यात करणाऱ्याला तो जीएस१ इंडियाकडून मिळतो आणि ८९० ने सुरू होतो. त्यामुळे त्याचा बारकोड १३ अंकी असतो. तो ऑर्डरच्या ओळीत ‘ईएन’ या खुणेखाली जायला हवा. ‘यूपी’ ही खूण यूपीसी या १२ अंकी अमेरिकी बारकोडसाठी आहे. वस्तूंची यादी एक्सेलमध्ये ठेवली तर क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करावा, नाहीतर शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातले ते शून्य गळते आणि वस्तू साखळीच्या यादीत सापडत नाही.

फाइल पाठवण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक, व्हॅन म्हणजे मधल्या सेवेची टपालपेटी. दुसरा, इंटरनेटवरून थेट जाणारा एएस२, जो वॉलमार्टने २००२ पासून आपल्या पुरवठादारांकडे मागायला सुरुवात केली. एएस२ मध्ये दोन्ही बाजूंची डिजिटल प्रमाणपत्रे लागतात. जोडणी अचानक बंद पडली की सर्वांत आधी प्रमाणपत्राची मुदत तपासावी. एमडीएन ही एएस२ ची पोच फाइल पोहोचल्याचे सांगते, ९९७ ती वाचता आल्याचे. दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवावी.

आठवड्याला मोजक्याच ऑर्डर असतील तर वेब पोर्टलवर हाताने भरणे पुरते. एकाच ऑर्डरमध्ये शेकडो दुकानांची वाटणी येऊ लागली की हिशेबाच्या प्रणालीशी जोडणी करावीच. ही वाटणी एसडीक्यू नावाच्या ओळीत येते. एका ओळीत जास्तीत जास्त १० दुकाने मावतात, म्हणून पुढच्या एसडीक्यू ओळी न वाचणारा प्रोग्राम बाकीची दुकाने गाळतो.

प्रत्येक फाइलवरचे पाकीट म्हणजे आयएसए ओळ. ती शेवटच्या चिन्हासकट नेमकी १०६ अक्षरांची असते. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख प्रत्येकी १५ अक्षरांची, उरलेली जागा रिकामी अक्षरे घालून भरायची. एक अक्षर कमी पडले तरी पुढची फाइल वाचता येत नाही. चाचणीच्या काळात याच ओळीत ‘टी’ असतो, प्रत्यक्ष व्यवहारात ‘पी’. साखळीने मंजुरी दिल्यावर हे अक्षर बदलायचे राहिले, तर पाठवलेली खरी बिलेही चाचणीचीच मानली जातात.

सर्वाधिक दंड एएसएनमुळे होतो, म्हणून सर्वाधिक वेळही तिथेच द्यावा. त्यात उतरंड असते: पाठवणी, त्याखाली ऑर्डर, त्याखाली खोके, खोक्यात वस्तू. ‘पिक अँड पॅक’ पद्धतीत कोणत्या खोक्यात काय आहे ते एकेक सांगावे लागते. प्रत्येक खोक्याला १८ अंकी एसएससीसी क्रमांक असतो. तो बहुधा ४ बाय ६ इंचांच्या लेबलवर जीएस१-१२८ बारकोडात छापतात आणि तोच एएसएनच्या ‘मॅन’ ओळीत जातो. गोदामात स्कॅन झालेला क्रमांक एएसएनमध्ये नसला, की खोके बाजूला पडते आणि पुरवठादाराच्या रकमेतून वजावट होते. एकदा वापरलेला एसएससीसी पाठवणीनंतर किमान वर्षभर पुन्हा वापरू नये, हा जीएस१ चा नियम आहे.

चुकीचे मूळ बहुधा पॅकिंगच्या टेबलावर असते. एएसएन ऑर्डरवरून बनवली जाते. मग दोन नग कमी निघतात किंवा फाटलेले खोके बदलले जाते, आणि कागद व माल वेगळे होतात. त्यामुळे नग खोक्यात पडताना स्कॅन व्हावा, खोके बंद झाल्यावर लेबल निघावे आणि ट्रक भरून झाल्यावर त्याच स्कॅनमधून एएसएन तयार व्हावी. ती माल पोहोचण्याच्या आधी पोहोचली पाहिजे; नेमकी मुदत साखळीच्या मार्गदर्शिकेत असते. एककाचाही घोळ होतो: १२ नगांची १० खोकी ‘१० नग’ अशी गेली, तर ११० नग कमी आल्याची नोंद होते.

बिलात एक खास सापळा आहे. एकूण रकमेच्या टीडीएस ओळीत (हा करकपातीचा टीडीएस नव्हे) दशांश चिन्ह लिहीत नाहीत, शेवटचे दोन अंक सेंट मानले जातात. १,२५० डॉलरसाठी १२५००० असे लिहावे लागते. १२५० लिहिले तर साडेबारा डॉलरचे बिल जाते. वस्तूच्या दराच्या रकान्यात मात्र दशांश चिन्ह चालते.

दंडाची वजावट ८२० मध्ये कारणाच्या संकेतासह दिसते. हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते. त्यासाठी एएसएन, तिची ९९७, ट्रकची बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल वाहतुकीला दिल्याची पावती आणि स्कॅनची नोंद ऑर्डर क्रमांकानुसार एकत्र जपून ठेवावी.