फुंकर लांब जाते, ओढ जात नाही

आधी एक प्रयोग करा, मग पुढचं वाचा. मेणबत्ती लावा आणि हातभर लांबून फुंकर मारा, विझते. आता परत लावा आणि तेवढ्याच लांबून हवा आत ओढून ती विझवून दाखवा. गाल दुखतील पण ज्योत हलायची सुद्धा नाही. मी हा प्रयोग देवापुढच्या निरांजनावर केला होता आणि देवाचा दिवा फुंकरीने विझवला म्हणून आईकडून जे ऐकलं ते ऐकलं, म्हणून मेणबत्तीच घ्या.

माझ्या सँडिंग मशीनच्या, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायच्या यंत्राच्या, धुळीची सगळी गोष्ट एवढ्यात आली, फक्त ती कळायला मला दीड वर्ष लागलं.

इंदूरला लोकमान्य नगरात आमचं घर, खाली स्कूटर ठेवायची जागा आहे तिथे मी रविवारचा सुतार. एका जुन्या मोटरवर १२ इंची डिस्क बसवून सँडर बनवलाय, त्यावर पाट, चौरंग, कुणाच्या देव्हाऱ्याच्या कडा असलं काहीबाही घासत असतो. मशीनखाली घरातल्याच व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप बांधला होता, आवाज असा की शेजारच्या काकू खिडक्या लावून घ्यायच्या, आणि एवढं करून संध्याकाळी वरच्या मजल्यावर समईवर पिवळसर थर बसलेला असायचाच. आई म्हणायची, "अरे सागवान घासतोयस की गहू दळतोयस?" शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय आणि आमच्याकडे हे असं. सियागंज बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "भिया, बड़ी मोटर ले लो, सब खींच लेगी." मी जवळजवळ घेतलीच होती.

नाही घेतली कारण मधे ते निरांजनाचं झालं, आणि मग डोक्यात चक्र फिरायला लागलं. फुंकर मारली की हवा एका झोतात एका दिशेने जाते, म्हणून लांब पोचते. ओढताना तसं होत नाही. पाइपच्या तोंडाशी हवा समोरून येते, बाजूंनी येते, अगदी पाइपच्या मागून वळसा घालूनही येते. म्हणजे तोंडाभोवती जणू हवेचा गोळा आहे आणि तो सगळीकडून आत सरकतोय, आणि गोळ्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं म्हणून अंतर दुप्पट केलं की ओढीचा वेग चौथाईवर येतो. पाइपच्या व्यासाएवढं लांब गेलात की तोंडाशी असलेल्या वेगाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो, तर फुंकरीचा झोत तेवढा मंद व्हायला सुमारे तीस व्यास लांब जावं लागतं.

आकडे घालून बघू. घरगुती क्लीनर सेकंदाला साधारण ३५ लिटर हवा ओढतो असं धरा, होजपाइप ३५ मिलिमीटरचा. तोंडाशी वेग येतो सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी १३० किलोमीटर, हाताला लावलं तर कातडी ओढते. आणि तिथून फक्त १० सेंटिमीटरवर? सेकंदाला ३५ सेंटिमीटर. रांगणारं बाळ जातं तेवढा वेग. माझा पाइप डिस्कपासून बरोबर एवढाच लांब बांधलेला होता. उलट १२ इंची डिस्क मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला जवळपास २३ मीटर पळते, म्हणजे ताशी ८० किलोमीटरने सुटलेल्या भुशाला मी रांगत्या बाळाकडून पकडायला लावत होतो.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. लाकूड घासल्यावर निघणारं सगळं एकसारखं वागत नाही. जाड कण, समजा ०.१ मिलिमीटरचा म्हणजे १०० मायक्रॉनचा, डिस्कवरून सुटला की भिरकावलेल्या खड्यासारखा वीतभर तरी सरळ जातो, हवेला फार जुमानत नाही आणि टेबलाच्या उंचीवरून पाचसहा सेकंदात खाली बसतो. १० मायक्रॉनचा कण मात्र त्याच वेगाने सुटून चारपाच मिलिमीटरमधेच अडतो, हवाच त्याला थांबवते, आणि पुढे हवा नेईल तिकडे तो जातो, टेबलावरून जमिनीवर यायला त्याला आठदहा मिनिटं लागतात. १ मायक्रॉनवाल्याला पंधराएक तास, तेही हवा अगदी निश्चल असेल तर, आणि घरात पंखा चालू असतो, दारं उघडबंद होतात, त्यामुळे तो जिना चढून समईपर्यंत जाणारच की. थोडक्यात जाड भुसा दगडासारखा वागतो आणि बारीक धूळ वासासारखी. फुप्फुसात खोलवर जाते ती ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मधेच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, मुख्यतः नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगासाठी. सागवान आणि शिसमाची ऍलर्जी होते ती वेगळीच.

म्हणजे एका मशीनवर दोन वेगळी कामं झाली. दगडवाल्यांना ओढायच्या नादी लागू नका, ते जिकडे उडतात तिकडे तोंड उघडं ठेवा. वासवाल्यांसाठी हवेलाच आवरा.

हवेला आवरा म्हणायचं कारण डिस्क हा स्वतःच एक पंखा आहे. फिरणारी सपाट चकती तिला चिकटलेला हवेचा पातळ थर सोबत फिरवते आणि कडेने बाहेर फेकते, त्याच्या जागी समोरून नवी हवा येते. थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञांनी १९२१ मधे याचं गणित मांडलं होतं, आणि आमच्या पार्किंगमधे ते उदबत्तीने दिसलं. मशीन आधी नीट झाडून घेतलं, लाकूड न लावता चालू केलं आणि उदबत्ती डिस्कभोवती फिरवली. धूर डिस्कच्या मध्याकडे ओढला जात होता आणि उजव्या कडेने थेट माझ्या तोंडाकडे वर येत होता, खालून क्लीनर बोंबलतोय आणि धूर त्याच्याकडे बघत पण नाही. भुसा पडलेला असेल तर उदबत्ती जवळ आणू नका हे सांगायला नको.

मग डबा बनवला, उरलेल्या प्लायचा. टेबलाच्या खालची डिस्कची अर्धी बाजू पूर्ण बंद केली, डिस्क आणि डब्यात बोटभर जागा. डिस्क जिथे खाली जाते त्या डाव्या बाजूला आपण लाकूड धरतो, म्हणून तिथून सुटलेला भुसा जिकडे जाईल नेमकं तिकडे पाइपचं तोंड. टेबल आणि डिस्कमधली फट आधी १० मिलिमीटर होती ती २ वर आणली, आणि फट लहान केल्यावर तिथला हवेचा वेग वाढतो त्यामुळे बारीक धूळ खालीच ओढली जायला लागली. उजवीकडे डिस्क परत वर येते तिथे जुन्या ब्रशचे केस डिस्कला जेमतेम टेकतील असे लावले, ते चिकटून येणारी हवा खरवडून डब्यात ठेवतात. माझ्या मते सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त फरक या फुकटच्या ब्रशने पडला.

एक चूक सांगतो. डबा मी आधी एवढा घट्ट बंद केला होता की आत हवा यायला जागाच नव्हती. बाटली तोंडाला लावून हवा ओढली की जीभ अडकते तसं, दाब भरपूर पण वाहतं काहीच नाही, आणि धूळ नेतो तो प्रवाह, दाब नाही. एक भोक ठेवलं तेव्हा काम सुरू झालं.

पाइपचं पण असंच. चार इंची पाइप छान मोकळा दिसतो म्हणून कुणी सुचवतं, पण माझ्या क्लीनरची ३५ लिटर हवा त्यात सेकंदाला साडेचार मीटरने चालेल आणि भुसा उचलून न्यायला साधारण २० मीटर लागतात, म्हणजे भुसा पाइपातच झोपणार. दोन इंचीत तो वेग १८ च्या आसपास येतो, ते जमतं. फार बारीक पाइप पण नको, कारण तेवढीच हवा अर्ध्या व्यासातून न्यायची तर घर्षणाचं नुकसान जवळपास ३२ पट होतं. खोबणीवाला होज गरजेपुरता, बाकी प्लंबरचा गुळगुळीत पीव्हीसी, आणि वळणाला एक काटकोनी एल्बो लावण्यापेक्षा ४५ अंशाचे दोन.

मधे एक सायक्लोन लावलाय, शंकूसारखा. हवा त्यात गरगर फिरते, जड कण भिंतीला लागून खालच्या बादलीत पडतात आणि क्लीनरचा फिल्टर लगेच तुंबत नाही. पहिली बादली पातळ होती, पाइपात एक ढलपी अडकली आणि बादली पचकन आत गेली. नंतर हिशोब केला, क्लीनर तुंबल्यावर सहज २० किलोपास्कलची पोकळी करतो, ३० सेंटिमीटरच्या झाकणावर म्हणजे जवळपास १४० किलोचं वजन, दोन माणसं उभी. आता जाड पेंटची बादली आहे.

सायक्लोन अगदी बारीक धूळ अडवत नाही मात्र. ती क्लीनरच्या साध्या पिशवीतून आरपार जाते आणि मागून बारीक फवारा होऊन घरभर, म्हणजे क्लीनर लावून तुम्ही उलट ती नीट पसरवताय. त्यासाठी शेवटी हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, लावा, किंवा क्लीनरची मागची हवा सरळ खिडकीबाहेर काढा, शेजाऱ्यांची खिडकी तिकडे नसेल तर. मी फिल्टर लावलाय, काकूंकडे बघून. मास्क तरीही एन ९५, आणि मशीन बंद केल्यावर लगेच काढायचा नाही, वर सांगितलेली आठदहा मिनिटं आठवा. आणि याच डिस्कवर लोखंड कधी घासू नका, ठिणगी पाइपातून थेट भुशाच्या बादलीत जाऊन तासभर धुमसत बसू शकते आणि तोवर तुम्ही वर जेवायला बसलेले असता.

तपासायला मीटर लागत नाही. संध्याकाळी दिवे बंद करून मशीनच्या पलीकडून टॉर्च आपल्याकडे रोखायचा, कवडशात धूळ दिसते तशी सगळी गळती चमकते. काल बघितलं तर टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातून अजून एक बारीक धार निघतेय, तिथले ब्रशचे केस झिजलेत. आईचा जुना केरसुणीचा बुडखा मागितलाय, अजून देत नाहीये.